धागा: बालमैत्रीतला विश्वासघात आणि वंशद्वेष, कथा कशी उभी करावी? (कोलंबो, जुलै १९८३)

बोरू
दिवाळी अंकासाठी दीर्घकथा लिहायला घेतली आहे. स्थळ कोलंबोतला वेल्लवत्ता भाग, काळ जुलै १९८३, म्हणजे श्रीलंकेत तमिळविरोधी दंगल उसळली तो आठवडा. दोन मुलं, एक सिंहली आणि एक तमिळ, दोघं दहा वर्षांची, एकाच गल्लीतली. आराखडा असा: सोमवारी सकाळी जमाव गल्लीत शिरतो, 'तमिळांचं घर कुठलं?' म्हणून विचारतो, सिंहली मुलगा घाबरून बोट दाखवतो. घर जळतं. वीस वर्षांनी तमिळ मुलगा कॅनडातून येतो आणि दोघं भेटतात. गाभ्याचा प्रसंगच ओढूनताणून आणल्यासारखा वाटतोय, पण नेमकं काय चुकतंय ते सापडत नाहीये. घटनाक्रम, घरं, शाळा, बोलणं, कशाहीबद्दल सांगा. चुका दाखवल्यात तर फारच बरं.

दर्यावर्दी
अडचण गाभ्यातच आहे. जमावाला विचारायची गरज नव्हती. त्या आठवड्यात कोलंबोत फिरणाऱ्या अनेक टोळ्यांच्या म्होरक्यांकडे मतदारयाद्या होत्या. १९८२च्या ऑक्टोबरात अध्यक्षीय निवडणूक आणि डिसेंबरात सार्वमत झालेलं, त्यामुळे याद्या ताज्या होत्या. घर क्रमांक आणि नावं दोन्ही छापलेली. तमिळ नाव वाचायचं, दार शोधायचं, एवढंच काम. अशा वेळी दहा वर्षांच्या पोराच्या बोटाला काही किंमत उरत नाही. वाचकाला हे माहीत नसलं तरी प्रसंग पोकळ आहे हे त्याला जाणवतं.

म्हणून प्रश्न उलटा विचारा. यादीला काय माहीत नव्हतं? विश्वासघात तिथे बसतो.

यादीवरून भाडेकरू आणि मालक कळत नाही. तमिळ कुटुंब सिंहली मालकाच्या घरात भाड्याने राहत असेल, तर बऱ्याच ठिकाणी घर न जाळता सामान रस्त्यावर ओढून काढून त्याची होळी केली गेली. म्हणजे 'हे घर कुणाच्या मालकीचं?' या प्रश्नाचं उत्तर घर वाचवतं किंवा जाळतं. हे उत्तर गल्लीतल्या पोराला ठाऊक असतं. दुसरं, यादी आदल्या वर्षीची. जानेवारीत राहायला आलेलं बिऱ्हाड तिच्यात नाही. तिसरं आणि सगळ्यांत महत्त्वाचं, माणसं आत्ता कुठे आहेत हे यादी सांगत नाही. रविवारी रात्री शहरातल्या बोरेल्ला भागाच्या बाजूला आकाश लाल दिसल्यावर बरीच कुटुंबं शेजारच्या सिंहली, बर्गर (युरोपीय वंशाच्या) किंवा मुस्लिम घरात जाऊन बसली. सोमवारी जमावाला घरं रिकामी मिळाली. कोण कुणाच्या माडीवर, कुणाच्या कोठीत आहे, हे फक्त शेजाऱ्यांना माहीत होतं.

आणखी एक. उत्तरेतल्या जाफन्याकडच्या मध्यमवर्गीय तमिळ घरांत चहामळ्यांतून आणलेली कामाची मुलगी असायची. मळ्यांतल्या, मूळ भारतातून आलेल्या तमिळांचं नागरिकत्व १९४८च्या कायद्याने काढून घेतलेलं. १९६४च्या शास्त्री-सिरिमावो कराराने त्यांतल्या सव्वापाच लाखांना भारतात पाठवायचं आणि तीन लाखांना तिथलं नागरिकत्व द्यायचं ठरलं, पण १९८३ मध्येही हजारो लोक कुठल्याच देशाचे नव्हते. मतदारयादीत त्यांचं नाव असण्याचा प्रश्नच नाही. घरातली ती मुलगी कागदावर कुठेही नाही, आणि ती त्या घरात आहे हे तुमच्या नायकाला मात्र रोज दिसतं. हे पात्र घ्याच. सगळे पळाले तेव्हा ती कुठे होती, हा प्रश्न तमिळ कुटुंबालाही टोचेल असा आहे.

कांचनसंध्या
दर्यावर्दींशी सहमत. मी फक्त दिनदर्शिका मांडते, म्हणजे प्रसंग चुकीच्या दिवशी पडणार नाहीत.

शनिवार २३ जुलै: रात्री जाफन्यात तिरुनेल्वेली इथे लष्करी गस्तीवर हल्ला, १३ सैनिक ठार.
रविवार २४: कोलंबोत कनत्ते स्मशानभूमीवर अंत्यविधीसाठी गर्दी जमते, अंत्यविधी लांबत जातो, रात्री बोरेल्लात जाळपोळ सुरू होते.
सोमवार २५: सकाळपासून आग शहरभर, गॉल रोडवरची दुकानं, वेल्लवत्ता, बंबलपिटिया. संचारबंदी पुकारली गेली ती दुपारी, तोवर बरंच काही होऊन गेलं होतं. त्याच दिवशी वेलिकडा तुरुंगात ३५ तमिळ कैद्यांना मारलं.
बुधवार २७: तुरुंगात आणखी १८ जण मारले.
गुरुवार २८: राष्ट्राध्यक्ष जयवर्धने दूरचित्रवाणीवर बोलतात. त्यात तमिळ पीडितांसाठी सहानुभूतीचा शब्द नाही.
शुक्रवार २९: 'वाघ (सशस्त्र तमिळ बंडखोर) शहरात शिरले' अशी अफवा पेट्टा भागात उठते आणि पुन्हा माणसं मारली जातात.

लेखनासाठी दोन गोष्टी. सोमवारी सकाळी मुलं नेहमीसारखी शाळेत गेली होती आणि लवकर घरी पाठवली गेली. म्हणजे तुमची दोन्ही मुलं सकाळी घरी नाहीत, ती वाटेवर आहेत. धुरातून एकत्र चालत घरी येणं हा प्रसंग तुम्हाला आयता मिळतो. नायकाच्या मनात पहिली फट इथे पडू शकते: मित्रासोबत दिसलो तर? दुसरी गोष्ट गुरुवारच्या भाषणाची. सिंहली कुटुंब ते दूरचित्रवाणीसमोर बसून ऐकतंय आणि मुलाला त्यातून 'आपण चुकलो नाही' असं कळतंय. हा प्रसंग सोमवारपेक्षाही जड होईल.

मृतांचा आकडा पात्रांच्या तोंडी घालू नका. सरकारी आकडा चारशेच्या आतला, तमिळ बाजूचे अंदाज तीन हजारांपर्यंत जातात, आणि त्या आठवड्यात गल्लीतल्या कुणालाच काही माहीत नव्हतं.

खडूफळा
शाळेचं सांगतो, कारण परदेशी लोक लिहितात तेव्हा इथे हमखास चूक होते. दोन मुलं एकाच शाळेत असली तरी एका वर्गात बसणार नाहीत. स्वातंत्र्यानंतर शिक्षण स्वभाषेतून झालं. सिंहली मुलाने सिंहली माध्यमात शिकायचं, तमिळ मुलाने तमिळ माध्यमात. एकाच इमारतीत दोन समांतर तुकड्या, दोन्हींचे शिक्षक वेगळे. भेट प्रार्थनेच्या रांगेत, मैदानावर आणि घरी परतताना. 'एका बाकावर बसणारे मित्र' असं लिहिलंत तर तिथलं वास्तव माहीत असलेला वाचक पहिल्याच पानावर पुस्तक मिटेल.

याचा पुढचा भाग भाषेचा. कोलंबोत वाढलेला तमिळ मुलगा बोलीभाषेतली सिंहली अस्खलित बोलतो. सिंहली मुलाला तमिळ येत नाही, चार शब्द आणि दोन शिव्या सोडल्या तर. म्हणजे ही मैत्री पहिल्यापासून एकाच्याच भाषेत चालते. खेळाचे नियम, भांडण, समजूत, सगळं सिंहलीत. सिंहली मुलाला हे कधी खटकत नाही, आणि पूर्वग्रह म्हणतात तो बहुतेक वेळा या न खटकण्यातच असतो. त्यासाठी वेगळं दुष्ट पात्र लागत नाही. तमिळ मुलाच्या घरी गेल्यावर सगळे अचानक सिंहलीत बोलायला लागतात, आजी मात्र गप्प होते, एवढं दाखवलंत तरी पुरेल.

उच्चाराच्या परीक्षेचा मोह होईल. जमावाने लोकांना अडवून बादलीसाठीचा सिंहली शब्द 'बाल्दिय' म्हणायला लावला, बुद्धवंदनेच्या गाथा म्हणायला लावल्या, हे खरं आहे. पण तुमचा दहा वर्षांचा तमिळ मुलगा ही परीक्षा सहज उत्तीर्ण होईल. नापास होईल ती जाफन्याहून आलेली अम्मम्मा. परीक्षा घ्यायची असेल तर तिची घ्या.

नावांबद्दल: 'रवी', 'कुमार' ही नावं दोन्ही समाजांत चालतात. तमिळ मुलाला असं नाव दिलंत तर हाक मारताना तो ओळखू येत नाही, पूर्ण नाव लिहिलं की ओळखू येतो, कारण तमिळ पद्धतीत वडिलांच्या नावाचं आद्याक्षर आधी येतं. हजेरीपट, यादी, पाकिटावरचा पत्ता, अशा ठिकाणी हा फरक कामाला येईल.

मेघना_त
मला एक मूलभूत शंका आहे. दहा वर्षांच्या मुलाने भीतीपोटी केलेल्या गोष्टीला विश्वासघात म्हणायचं का? वाचक त्याला माफ करून मोकळा होईल आणि कथा तिथेच संपेल. लपलेल्या जागेची माहिती त्याने सांगितली तरी 'लेकरू होतं, घाबरलं' असंच म्हटलं जाईल.

माझं म्हणणं, दोन घात हवेत. पहिला भीतीचा, दुसरा शांत डोक्याने केलेला. दुसऱ्यासाठी आठवडा-दोन आठवडे जाऊ द्या. तोवर तमिळ कुटुंब छावणीत आहे. शाळा, कोविल (तमिळ देऊळ), रत्मलाना विमानतळाची जागा, जिथे जमेल तिथे लोक कोंबले होते. नंतर मालवाहू जहाजांनी हजारोंना उत्तरेला कांकेसन्तुरैला नेलं. जहाजात चढण्यापूर्वी मित्राचा निरोप येतो: रविवारी रात्री कुंपणावरून तुमच्याकडे ठेवायला दिलेला पत्र्याचा डबा पाठव. डबा कुठे आहे हे मुलाला माहीत आहे. तो म्हणतो, 'असा डबा आमच्याकडे नाही.' यात भीती नाही, जमाव नाही. हे वाक्य त्याला कुणी शिकवलेलंही नाही, ते घरातल्या बोलण्यातून त्याच्यात झिरपलं आहे.

दर्यावर्दी
@मेघना_त, दुसरा घात मान्य. हा कथेला हवाच होता. फक्त डब्यात काय ठेवायचं ते जपून ठरवा. पहिला विचार घराच्या खरेदीखताचा येईल, आणि तो फसेल. श्रीलंकेत खत नोटरीसमोर होतं आणि जमीन नोंदणी कार्यालयात नोंदलं जातं, प्रमाणित प्रत काढता येते. जाफन्यात बसून, युद्ध सुरू असताना, ती काढणं फार कठीण, पण 'खत गेलं म्हणून घर गेलं' हे कायद्याने टिकत नाही. जन्मदाखल्याचंही तसंच. डब्यात अशा वस्तू हव्यात ज्यांची दुसरी प्रत निघत नाही: लग्नातले फोटो, ताडपत्रावर लिहिलेली जातकं (जन्मपत्रिका), आईचे दागिने. दागिने ठेवलेत तर हेतू चोरीचा होतो आणि गोष्ट स्वस्त होते. मी जातकं आणि फोटो ठेवीन. सिंहली घरांतही ताडपत्रावरची जातकं असतात, त्यामुळे आपण काय ठेवून घेतोय हे त्या मुलाच्या आईला नीट कळतं.

घरजमिनीचं म्हणाल तर, दंगलीनंतर सरकारने नुकसान झालेल्या मालमत्ता ताब्यात घेण्यासाठी प्राधिकरण नेमलं, लघुनाम 'रिपिया'. जळालेलं घर परस्पर सरकारकडे जायचं आणि मालकाने अर्ज करून परत मागायचं. परत येण्याच्या भागात हे वापरता येईल.

जुनापाट
घरातल्या बोलण्यातून झिरपलं म्हणता, तर ते बोलणं कसलं होतं ते लिहायला हवं. 'तमिळ वाईट असतात' असं कुणी जेवताना म्हणत नाही. तक्रारी ठोस असतात. इंग्रजांच्या काळात सरकारी नोकऱ्यांत आणि विद्यापीठांत तमिळांचं प्रमाण लोकसंख्येच्या मानाने जास्त होतं. १९५६च्या कायद्याने सिंहली ही एकमेव राजभाषा झाली, तमिळ कारकुनांना सिंहलीची परीक्षा द्यावी लागली. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला विद्यापीठ प्रवेशासाठी 'प्रमाणीकरण' आलं, वैद्यकीय आणि अभियांत्रिकीला तमिळ माध्यमाच्या विद्यार्थ्याला सिंहली विद्यार्थ्यापेक्षा वीसेक गुण जास्त लागू लागले. तरीही सिंहली घरात भावना हीच की 'ते सगळं बळकावतात'. १९८१च्या जनगणनेत सिंहली सुमारे ७४ टक्के, श्रीलंकन तमिळ पावणेतेरा. पण सिंहली माणूस हिशेब करताना पलीकडच्या तमिळनाडूतले पावणेपाच कोटी धरतो. बहुसंख्य असून अल्पसंख्य असल्यासारखी भीती, ती इथून येते.

कथेत हे आणायचं तर मोठा भाऊ वापरा. सिंहली मुलाचा भाऊ विद्यापीठ प्रवेशात थोडक्यात हुकतो. शेजारच्या तमिळ घरातली बहीण चांगले गुण मिळवूनही हुकते. दोन्ही घरांत एकाच संध्याकाळी रडारड, आणि दोन्हीकडे दोष पलीकडच्यांचा. पोरं मधल्या भिंतीवर बसून ऐकतात. हा प्रसंग १९८२ मध्ये ठेवा.

तमिळ घरालाही सोवळं ठेवू नका. जाफन्यातल्या वेळ्ळाळर (तिथली वरचढ शेतकरी जात) घरात मळ्यातल्या तमिळांबद्दलचा तुच्छभाव पिढीजात आहे. कामाच्या मुलीचा पेला वेगळा असेल. सिंहली लोकांबद्दल 'आळशी, उधळे' ही वाक्यं त्यांच्याकडेही बोलली जातात. पण तराजू समतोल दाखवायच्या नादात एक विसरू नका: टोमणे दोन्हीकडे होते, मतदारयादी घेऊन फिरणारे एकाच बाजूचे होते आणि पोलीस-लष्कर बऱ्याच ठिकाणी बघत उभं होतं.

खडूफळा
जुनापाट, शेवटचं वाक्य फार महत्त्वाचं. +१

कांचनसंध्या
आधीच्या मैत्रीसाठी एक प्रसंग सुचवते, कारण क्रिकेट सगळेच लिहितात. मे महिन्यातली वेसाक (बुद्धपौर्णिमा), म्हणजे दंगलीच्या दोन महिने आधी. सिंहली घरांत कंदील करतात. त्यातला 'अटपट्टम' आपल्या बांबूच्या आकाशकंदिलाच्याच जातीचा: सारख्या मापाच्या २४ काड्या, त्यांचे सहा चौकोन, चौकोन कोपऱ्याला कोपरा बांधायचे, मध्ये आठ त्रिकोण आपोआप तयार होतात. चुकतं ते दोन ठिकाणी. काड्यांची मापं थोडी जरी कमीजास्त झाली तरी शेवटचा चौकोन जुळत नाही, सांगाडा पिळवटतो. आणि खळ पातळ झाली तर पतंगी कागद सुकल्यावर ढिला पडून सुरकुततो. हे काम दोन माणसांचं आहे. एकाने सांगाडा धरायचा, दुसऱ्याने गाठी मारायच्या. तमिळ मुलगा गाठी मारण्यात हुशार आहे असं ठेवा. कंदील टांगताना शेजारी विचारतात 'कुणी केला?', आणि नायक म्हणतो 'मी'. मित्र तिथेच उभा आहे. तो काही बोलत नाही.

बोरू, पुढच्या दोन्ही घातांची तयारी इथेच झाली. वाचकाला तेव्हा ते कळूही देऊ नका.

मेघना_त
हे फार सुंदर आहे. मग पहिला घातही त्याच जातीचा करा. लपण्याची जागा वगैरे सांगायला नको. सोमवारी शाळेतून आल्यावर मित्र फाटकाशी येतो, 'आम्ही तुमच्याकडे येऊ का, आईने विचारलंय.' नायकाची आई मागच्या अंगणात विहिरीपाशी आहे, आणि ती कदाचित हो म्हणाली असती. अनेक सिंहली घरांनी जीव धोक्यात घालून तमिळ शेजाऱ्यांना आसरा दिला, हे खरं आहे, त्यामुळे ही शक्यता खोटी वाटणार नाही. मुलगा आत न विचारता म्हणतो, 'घरी कुणी नाही.' ही गोष्ट दहा वर्षांच्या मुलाच्या हातातली आहे. आणि आईला तो कधीच सांगत नाही.

बोरू
सगळ्यांचे मनापासून आभार. फाटकाचा प्रसंग आणि डबा, दोन्ही घेते. बोट दाखवणं काढून टाकलं. दोन प्रश्न उरले. एक, मराठीत वंशवाचक शिवी कशी आणायची? 'देमळ' तसंच ठेवलं तर मराठी वाचकाला धार कळत नाही. 'मद्राशी' किंवा 'यंडुगुंडू' वापरावं का? दुसरा, वीस वर्षांनंतरची भेट.

जुनापाट
'यंडुगुंडू' नको. तो शब्द आला की वाचक मुंबईत, १९६०च्या दशकातल्या दाक्षिणात्यविरोधी मोर्च्यांत जाऊन पोहोचतो, कोलंबो पुसलं जातं. 'देमळ'च ठेवा. सिंहलीत हा तमिळांसाठीचा साधा शब्दही आहे, धार सुरातून आणि मागेपुढे लावलेल्या विशेषणातून येते. पहिल्या दहा पानांत तो दोन-तीनदा निरुपद्रवी अर्थाने येऊ द्या, आजोबा देमळ दुकानातून काडेपेटी आणायला सांगतात वगैरे. मग गॉल रोडवर तोच शब्द ओरडून आला की वाचकाला वेगळा अर्थ सांगावा लागत नाही.

मराठी वाचक या विषयात तटस्थ नाही हे मात्र ध्यानात असू द्या. तमिळ माणसाबद्दलचे आपले विनोद त्याच्या डोक्यात आधीपासून आहेत. अम्मम्माच्या सिंहली उच्चारांवर मुलं हसतात असा प्रसंग लिहिलात तर वाचकही हसेल. हसू द्या. सोमवारी तिचीच परीक्षा आहे.

दर्यावर्दी
भेटीचं वर्ष २००३ चांगलं बसतं. फेब्रुवारी २००२ मध्ये सरकार आणि वाघांमध्ये युद्धविराम झाला, एप्रिलमध्ये जाफन्याचा ए-नऊ महामार्ग उघडला, परदेशी गेलेले तमिळ मोठ्या संख्येने येऊन-जाऊन राहिले. २००४ मध्ये राष्ट्राध्यक्ष चंद्रिका कुमारतुंगांनी जुलै ८३बद्दल जाहीर माफी मागितली. कथा त्याच्या आधी संपते हे बरं, नाहीतर माफीचा प्रसंग सरकारी बातमीच्या सावलीत जाईल.

वेल्लवत्ता ओसाड, जळकं, सिंहली झालेलं दाखवू नका. ही नेहमीची चूक. तमिळ तिथे परतले, उत्तरेतून युद्धामुळे आणखी आले, जुन्या बंगल्यांच्या जागी सदनिकांच्या इमारती उठल्या. त्या भागाला आता लोक 'छोटं जाफना' म्हणतात. पाट्या तमिळ, दुकानं तमिळ. म्हणजे कॅनडाहून आलेल्या माणसाला आपली गल्ली पूर्वीपेक्षा जास्त तमिळ दिसेल, आणि जुन्या घरात राहिलेला सिंहली मित्र तिथे एकटा पडलेला असेल. त्याची तक्रार आता काय असेल, याचा विचार करा. 'त्यांनी सगळं बळकावलं' हे आईचं वाक्य त्याच्या तोंडी येऊ शकतं, तेही ज्याला फाटकातून परत पाठवलं त्याच्याच समोर.

खडूफळा
भेटीतल्या भाषेचा निर्णय आधी घ्या, संवाद नंतर लिहा. टोरंटोत वीस वर्षं काढलेल्या माणसाची सिंहली गेलेली असेल, ऐकून कळेल पण वाक्य जुळणार नाही. मित्राला तमिळ कधीच येत नव्हती. उरते इंग्रजी, आणि त्यात कॅनडावाला वरचढ आहे. मराठीत लिहिताना हा फरक दाखवायचा तर सिंहली मित्राची वाक्यं तोकडी ठेवा, आणि दोघांमधला लहानपणीचा 'अरे-तुरे' पहिल्या काही मिनिटांत 'तुम्ही'वर आणा. डब्याचा विषय काढताना मात्र तो सिंहलीवर घसरेल. उत्तर देणाऱ्याला ते पुरतं कळलं की नाही, हे कथेत सांगू नका.